ग्रंथ आणि अभंग : मराठी ख्रिस्ती उपासनेची कथा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला तेव्हा मी बोनसवर, कंत्राटी मजुरांवर किंवा फार तर नागपूरच्या गिरण्यांच्या इतिहासावर बोलेन, अशी त्यांची कल्पना असावी. तीस वर्षे ज्याने फाटकसभांत भाषणे केली, त्याच्याकडून दुसरी अपेक्षा तरी कोण करणार? मी विषय सांगितला : ख्रिस्ती उपासनेत काय वाचतात आणि काय गातात. चालक भले गृहस्थ, ते इतकेच म्हणाले, "पण तुम्ही ख्रिस्ती नाही ना?" नाही. मी पंडितही नाही. शाळा अर्ध्यावर सुटली. पुढे जे काही वाचले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर, उरलेल्या चहाबरोबर. हिब्रू, ग्रीक, लॅटिन यांपैकी एकही भाषा मला येत नाही. तेव्हा आज जे सांगणार ते शास्त्र्याचे निरूपण समजू नये. सभा जमवणे हाच ज्याचा जन्मभराचा उद्योग, अशा माणसाने दुसऱ्या एका सभेकडे पाहिले, एवढेच समजावे.

या विषयाकडे मी वळलो त्याला एक निमित्त झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनचा एक जुना सभासद वारला. रेल्वेत फिटर होता. तो ख्रिस्ती आहे एवढे आम्हांला ठाऊक होते. त्याने त्याबद्दल कधी सांगितले नाही आणि आम्ही कधी विचारले नाही. अंत्यविधीला आम्ही वीस-पंचवीस जण गेलो आणि रीत ठाऊक नसल्यामुळे मागच्या बाकांवर अंग चोरून बसलो. इंग्रजी प्रार्थना, मोठा ऑर्गन, असे सिनेमात पाहिलेले काहीतरी आमच्या मनात होते. पाळकसाहेबांनी ग्रंथ उघडून मराठीत दोन उतारे वाचले. आम्ही माना खाली घालून ऐकले. मग पुढच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पिशवीतून टाळ काढले, एका तरुणाने ढोलकीवर थाप दिली आणि मंडळी अभंग गाऊ लागली. चाल आमच्या ओळखीची होती. दुसऱ्या कडव्याला माझ्या शेजारी बसलेल्या आमच्या खजिनदारांनी नकळत टाळी धरली. हे गृहस्थ दर आषाढीला पंढरपूरला जाणारे. तिसऱ्या कडव्याला ते ध्रुपद म्हणू लागले. बाहेर आल्यावर मला म्हणाले, "हे तर आपलंच होतं की, भाऊ!"

ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. 'आपलंच' हे कशाने झाले? ग्रंथ पॅलेस्टाइनचा, देऊळ मिशनऱ्यांच्या पैशाने उभे राहिलेले, विधी परदेशात ठरलेला. मग परका माणूस तिसऱ्या कडव्याला सामील होतो, हे घडते कसे? त्याचा शोध घेता घेता मी ज्या निष्कर्षाला आलो तो आधीच सांगून टाकतो. ग्रंथ भाषांतराने भाषेत येतो, पण तो सभेचा होतो गाण्याने. आणि गाणे सभेचे व्हायला ते सभेतल्या माणसांच्या छंदात आणि त्यांच्यातल्याच कोणाच्या तोंडून यावे लागते. मराठी ख्रिस्ती उपासनेला हे साधायला सुमारे तीनशे वर्षे लागली. त्या वाटेवरचा एक मोठा वळसा आपल्या नागपूरहून सुटलेल्या आगगाडीत घडला.

प्रथम उपासनेची रचना पाहू. ख्रिस्ती उपासना ही यहुदी सभास्थानाची लेक आहे. तेथे नियमशास्त्र आणि संदेष्ट्यांचे ग्रंथ क्रमाने वाचले जात आणि दाविदाच्या नावाने चालत आलेली स्तोत्रे म्हटली जात. लूकच्या शुभवर्तमानात प्रसंग आहे : येशू नासरेथच्या सभास्थानात गेला असता त्याच्या हाती यशया संदेष्ट्याचा ग्रंथ देण्यात आला, त्याने दीनांना सुवार्ता सांगण्याविषयीचा भाग काढून वाचला आणि खाली बसला. म्हणजे त्याच्या सार्वजनिक कार्याचा आरंभच वाचनाने झाला. पुढे ख्रिस्ती मंडळ्यांत या वाचनाला घाट आला. जुन्या करारातून एक उतारा, मग स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांपैकी काही, आणि शेवटी शुभवर्तमान. ते वाचताना पुष्कळ मंडळ्यांत लोक उठून उभे राहतात. कोणत्या रविवारी काय वाचायचे याची कोष्टके असतात. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ मध्ये तीन वर्षांचे चक्र बांधले : एक वर्ष मत्तय, एक मार्क, एक लूक, आणि योहान सणावारी व अधूनमधून. त्याच धर्तीवरचे कोष्टक १९९२ मध्ये अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांसाठी निघाले.

मला या कोष्टकाचे फार कौतुक वाटते. विषयपत्रिका आधी ठरलेली असली म्हणजे अध्यक्षाला गैरसोयीचा विषय टाळता येत नाही. पाळकाचेही तसेच. पुढच्या बाकावर कारखानदार बसलेला असो, कोष्टकात याकोबाचे पत्र आले की ते वाचलेच पाहिजे. आणि त्या पत्रात कापणी करणाऱ्या मजुरांची अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते आहे असे म्हटले आहे. आमोस संदेष्टा आला की पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकणाऱ्यांचा उद्धार ऐकावा लागतो. हे वाचन शतकानुशतके चालू आहे. ऐकणाऱ्यांनी त्याचे काय केले हा प्रश्न वेगळा.

परंतु वाचन म्हटले की एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. गाण्यात सगळ्यांचा आवाज लागतो, आणि म्हणूनच गाण्याचा हक्क हा नेहमी भांडणाचा विषय झालेला आहे. चौथ्या शतकात लावदिकीया येथील धर्मसभेने ठराव केला की नेमलेल्या गायकांखेरीज इतरांनी देवळात गाऊ नये. पश्चिमेकडे पुढे हजार वर्षे उपासनेची भाषा लॅटिन राहिली आणि गायन हे मुख्यतः पाद्री व गायकवर्गाचे काम झाले. जर्मनीत मार्टिन लूथरने १५२२ मध्ये नवा करार लोकभाषेत आणला आणि १५२४ मध्ये लोकांनी गावयाच्या गीतांची पुस्तके निघाली. दोन वर्षांच्या अंतराने ग्रंथ आणि गाणे दोन्ही लोकांच्या हाती आले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे हे अंतर किती पडले ते पुढे दिसेल.

आता गोव्याकडे वळू, कारण मराठीतली ही कथा तेथे सुरू होते. साष्टी प्रांतात १५६७ साली पोर्तुगीज सत्तेने देवळे पाडली आणि हिंदूंचे धर्मग्रंथ जप्त केले. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणे गेली, कीर्तने गेली, रात्रीचे श्रवण गेले. हाती आली ती लॅटिन प्रार्थना आणि पाठ करावयाची प्रश्नोत्तरे. अशा वेळी १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. तो पुढे सुमारे चाळीस वर्षे तेथे राहिला आणि १६१९ मध्ये तेथेच वारला. त्याने बायबलची सारी कथा मराठी ओवीत लिहिली. तिचे नाव ख्रिस्तपुराण. जवळजवळ अकरा हजार ओव्या, पहिल्या भागात जुना करार, दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र. १६१६ मध्ये ती रायतूर येथे रोमन लिपीत छापली गेली. मराठीच्या थोरवीविषयीच्या त्याच्या ओव्या तुमच्यापैकी अनेकांनी शाळेच्या पुस्तकात वाचल्या असतील. मला अधिक महत्त्वाचा वाटतो तो ग्रंथाच्या आरंभीचा प्रसंग. एक नवख्रिस्ती पाद्र्याला विचारतो की जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला दुसरे काही का देत नाही? हा प्रश्न मागणीपत्रातल्या कलमासारखा रोखठोक आहे. ज्यांचे हिरावून घेतले त्यांनी भरपाई मागितली, आणि ती आपल्या छंदात मागितली.

ख्रिस्तपुराण रविवारी आणि सणाच्या दिवशी देवळात वाचले जाई, म्हणजे ओवीच्या चालीवर गायिले जाई. त्याच्या १६४९ व १६५४ साली आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. पण १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारचे फर्मान सुटले : लोकांनी तीन वर्षांत स्वभाषा सोडून पोर्तुगीज बोलावे. ज्या राज्याच्या आश्रयाने हे पुराण रचले गेले, त्याच राज्याने त्याच्या भाषेवर घाव घातला. त्या तिन्ही छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्याहून दक्षिणेकडे, मंगळूरच्या बाजूला गेलेल्या कुटुंबांनी त्या पोथ्या जतन केल्या, घरी म्हटल्या, आणि त्यांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला तो पुन्हा छापला. देवनागरी आवृत्ती पुण्यास १९५६ मध्ये निघाली. सरकारी फर्मान, फुटलेले छापखाने आणि दोनशे वर्षांची उपेक्षा यांतून जे टिकले, ते लोकांच्या तोंडी होते म्हणून टिकले.

या घटनेशी काही संबंध नसलेला दुसरा आरंभ दोनशे वर्षांनी बंगालमध्ये झाला. श्रीरामपूर येथे विल्यम कॅरी यांनी वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने मराठी नवा करार तयार केला; तो १८११ मध्ये छापून निघाला. मुंबईत १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी आले. त्यांचा नवा करार १८२६ मध्ये पूर्ण झाला आणि संपूर्ण मराठी बायबल १८४७ मध्ये हाती आले. म्हणजे ग्रंथ आला. गाणे मात्र आले नव्हते. जी गीते होती ती बहुतेक इंग्रजीवरून भाषांतरलेली आणि इंग्रजी चालींवर बसवलेली. यात अडचण कोठे येते ते गाऊन पाहिल्याशिवाय कळत नाही. इंग्रजी चाल आघातावर चालते, मराठी ओळ ऱ्हस्व-दीर्घावर. चालीचा जोर भलत्याच अक्षरावर पडला की ऱ्हस्वाचे दीर्घ होते, शब्द मोडतो आणि अर्थही लंगडतो. गाणारा प्रामाणिकपणे गातो, पण परक्याच्या मापाचा सदरा घातल्यासारखा अवघडून उभा असतो.

याच काळात ख्रिस्ती मिशन नागपुरात आले. स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ मध्ये येथे पोचले तेव्हा भोसल्यांचे राज्य होते आणि इंग्रजी छावणी कामठीला होती. पुढच्याच वर्षी त्यांनी शाळा काढली. आपले हिस्लॉप कॉलेज १८८३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ सुरू झाले. ते ज्या चर्चमधून आले त्याची उपासना मोठी करडी असे : वाद्य नाही, आणि गायचे ते मुख्यतः स्तोत्रसंहितेतल्या स्तोत्रांची पद्यरूपे. पण हिस्लॉप हे ऐकणारे गृहस्थ होते. दगड, जीवाश्म, शिलावर्तुळे यांचा त्यांनी अभ्यास केला हे प्रसिद्धच आहे; त्याचबरोबर त्यांनी परधानांच्या तोंडचे लिंगोचे गोंडी गीत उतरवून घेतले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटाजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना नदीच्या पुरात ते बुडाले. त्यांचे कागद सर रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, आणि त्यांत ते गोंडी गीत आहे. आपला ग्रंथ शिकवायला आलेल्या माणसाने येथल्या लोकांचे गीत लिहून ठेवले, ही गोष्ट मला त्या काळात फार लाखमोलाची वाटते. मात्र ते गीत पुस्तकात गेले, उपासनेत नाही. पुस्तक आणि सभा यांतले अंतर अजून कापावयाचे होते.

अहमदनगरकडे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरकडे, ते कापायला सुरुवात झाली होती. तेथे बहुसंख्य ख्रिस्ती लोक महार आणि मांग समाजांतले होते. त्यांच्या घरात एकतारी होती, पोवाडा होता, डफ होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तने उभी केली आणि मराठी पद्ये रचली. जमीन नांगरून झाली होती. पेरणारा अजून नाशिक, नागपूर असा भटकत होता.

नारायण वामन टिळक यांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी कोकणात करजगावी झाला. चित्पावन ब्राह्मण, जातिवंत कवी, एका जागी न टिकणारा स्वभाव. १८९१ च्या सुमारास ते नागपूरला आले. येथील धनिक अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे मासिक चालवले. नागपूरच्या त्या दिवसांचे चित्र लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात रंगवले आहे. ते ज्याने वाचले नसेल त्याने आजच्या आज मिळवावे. १८९३ मध्ये टिळक नोकरीच्या शोधात नागपूरहून राजनांदगावला निघाले. बंगाल-नागपूर रेल्वेच्या त्या गाडीत एका युरोपियन गृहस्थाशी त्यांचे संभाषण झाले. बोलणे कवितेवरून धर्मावर गेले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने नव्या कराराचे पुस्तक त्यांच्या हाती दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. तो गृहस्थ म्हणजे मिशनरी अर्नेस्ट वॉर्ड, असे पुढे सांगण्यात आले. टिळकांनी पुस्तक वाचायचे वचन दिले म्हणून वाचायला घेतले आणि मत्तयच्या पाचव्या अध्यायापाशी, डोंगरावरील प्रवचनापाशी, ते थांबले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

याची किंमत किती पडली ते लक्ष्मीबाईंनी लिहिले आहे. संसार मोडला, नातलग तुटले, नवरा-बायको काही वर्षे वेगळी राहिली. त्या परत आल्या, आणि सोवळ्या-ओवळ्याचा एकेक धागा स्वतःच्या बुद्धीने तोडत १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्मांतर हे कोणाला आवडो, न आवडो. हा व्यवहार त्या घराने फुकट किंवा हलक्या मनाने केला नाही, एवढे मान्य करावे लागते.

टिळकांचे म्हणणे असे की आपण ख्रिस्तापाशी तुकारामाच्या पुलावरून आलो. हे त्यांनी आपल्या रचनेने खरे करून दाखवले. त्यांनी अभंग, ओव्या, पदे, भजने लिहिली आणि ती मंडळ्यांच्या हाती दिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांची अडीचशेच्या घरात पदे आहेत. अभंगच का, हे थोडे उलगडून सांगतो. मोठ्या अभंगात पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक. शेवटच्या आखूड चरणात गाणाऱ्याला श्वास मिळतो आणि ऐकणाऱ्याला अर्थ पोचायला सवड मिळते. एकाने ओळ सांगायची, बाकीच्यांनी उचलायची. वाचता येण्याची गरज नाही, पुस्तकाची गरज नाही, शिकवलेल्या गळ्याची गरज नाही. दिवसभर शेतात राबलेला माणूस संध्याकाळी बसला की दुसऱ्या फेरीला त्याला अभंग येतो. तीनशे वर्षांपूर्वी साष्टीच्या माणसाने जी मागणी केली होती, ती या रचनेने पुरी झाली. स्टीफन्सने परका असून आपला छंद घेतला, ही त्याची थोरवी. टिळकांना तो घ्यावा लागला नाही, तो त्यांच्या कानात जन्मापासून होता.

पुढे १९१७ मध्ये टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून संन्यास घेतला आणि साताऱ्यास 'देवाचा दरबार' सुरू केला. पाश्चात्त्य पंथांच्या चौकटीबाहेर, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा सर्व ख्रिस्तभक्तांना एकत्र आणणारी ती कल्पना होती. ९ मे १९१९ रोजी ते वारले. ओवीबद्ध 'ख्रिस्तायन' त्यांच्या हातून दहा-साडेदहा अध्याय झाले होते. शाळेत कधी न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. स्वतः शिकलेल्या माणसांना हुरूप यावा असे याहून दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

गाण्याचे असे झाले, तेव्हा वाचनाकडेही पुन्हा कोणीतरी पाहणे भाग होते. ते पंडिता रमाबाईंनी केले. मिशनऱ्यांच्या बायबलची मराठी संस्कृतप्रचुर आहे, ती केडगावच्या मुक्तिसदनातल्या खेड्यापाड्यांतून आलेल्या, दुष्काळातून वाचवलेल्या बायकांना कळत नाही, हे त्यांनी पाहिले. मग त्यांनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल साध्या मराठीत आणले. त्याचे खिळे मुक्तीच्या छापखान्यात बायकांनीच जुळवले. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या आणि पूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. भाषांतर एका स्त्रीचे, जुळणी कामकरी स्त्रियांची, वाचणाऱ्या त्याच. छापखान्यातल्या कामगारांच्या सभांत मी हे उदाहरण नेहमी देतो.

येथे मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. उमेदवारीच्या दिवसांत मालधक्क्यावर हमाली करणाऱ्या कंत्राटी बायकांची सभा घेतली. मी रात्रभर जागून पत्रक लिहिले होते. 'किमान वेतन अधिनियमाच्या तरतुदींनुसार' अशी त्याची सुरुवात होती. मी वाचत होतो आणि त्या पदर तोंडाशी धरून ऐकत होत्या. अगदी देवळात बसल्यासारख्या. एकीनेही सभासदाची पावती फाडली नाही. आठवड्याने गेलो तर पाण्याच्या टाकीपाशी त्यातल्या एका बाईने मुकादमाच्या हजेरीपटावर जात्यावरच्या ओवीच्या चालीने चार ओळी केल्या होत्या आणि बाकीच्या हसत हसत त्या म्हणत होत्या. कोणत्या दिवशी किती पैसे कापले, सगळा हिशेब त्यात होता. माझ्या पत्रकात जे होते तेच; फक्त आता ते त्यांचे होते. संघटना त्या दिवशी झाली. टिळकांनी काय केले ते मला ग्रंथ वाचून कळले नाही, त्या टाकीपाशी कळले.

आणि नागपूरकरांना तर हे सांगायलाच नको. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी सामुदायिक प्रार्थना खेड्याखेड्यांत रुजवली ती खंजिरीच्या जोरावर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथल्या दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली. विहारात पाली वंदना सुरू झाली, पण वस्त्यावस्त्यांतून नवा धम्म पोचला तो वामनदादा कर्डक यांच्यासारख्या शाहिरांच्या गाण्यांतून. धर्म कोणताही असो, वंदना आणि गाणे यांची ही जोडी तुटली की सभा अर्धी राहते.

रोमन कॅथलिक मंडळींना लोकभाषेचा हक्क उशिरा मिळाला. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेत लोकभाषांना वाट करून दिली, आणि मग मराठी मिस्सा ऐकू येऊ लागला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' मराठीत आणले. २०२० मध्ये धाराशिव येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते आणि २०२४ मध्ये ते निवर्तले. प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या इतिहासातला मोठा दिवसही आपल्याच गावचा आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा निरनिराळ्या चर्चपरंपरा एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. कोणाचे बिशप होते, कोणाचे नव्हते. कोणी लहान मुलांना बाप्तिस्मा देत, कोणी मोठ्यांनाच. आमच्याकडे एका कारखान्यातल्या दोन युनियन एक करताना दहा वर्षे जातात. या मंडळींची बोलणी चाळीस वर्षांहून अधिक चालली. मतभेदांचे तोडगे कलमांनी काढले. पण मराठी मुलखातल्या या सगळ्या मंडळ्या फार आधीपासून एकमेकांची पदे गात होत्या, हे विसरून चालणार नाही. एकीचे ते काम कोणत्याही समितीच्या इतिवृत्तात नाही.

आज काय दिसते? त्या अंत्यविधीनंतर मी अधूनमधून रविवारी जाऊन मागच्या बाकावर बसतो. वाचन चालू आहे. गाण्यात मात्र बदल दिसतो. इंग्रजी शाळेत शिकलेल्या मुलांना देवनागरी गीतपुस्तक जड जाते. गिटार आहे, पडद्यावर रोमन लिपीत हिंदी-इंग्रजी ओळी आहेत, चाली जोमदार आहेत. मुलांचा उत्साह खरा आहे आणि त्यांना नावे ठेवायला मी कोण? त्यांच्या काळाचा छंद तो असेल. पण साष्टीच्या त्या माणसाचा प्रश्न उलट दिशेने पुन्हा उभा आहे, असे मला वाटते. तेव्हा जे गेले ते सत्तेने नेले होते. आता जे जाईल ते आपण न शिकवल्यामुळे जाईल. आणि हे फक्त ख्रिस्ती बांधवांचे नुकसान नाही. स्टीफन्स, सांगळे, टिळक, लक्ष्मीबाई, रमाबाई यांनी जे केले ते मराठीचे धन आहे, आणि आपण बहुतेकांनी ते कधी उघडूनही पाहिलेले नाही.

मागच्या महिन्यात ते टाळवाले आजोबा भेटले. हात आता थरथरतात. मी विचारले, तुमच्या मागे टाळ कोण धरणार? त्यांनी शेजारी बसलेल्या नातीकडे बोट दाखवले. बारा-तेरा वर्षांची मुलगी; मराठी वाचायला अडखळते, पण अठरा अभंग तिला तोंडपाठ आहेत. तिने ते पुस्तकातून घेतलेले नाहीत, आजोबांच्या तोंडून घेतले आहेत. मी आमच्या खजिनदारांना हे सांगितले. ते म्हणाले, "पुढच्या रविवारी मलाही घेऊन चला." आम्ही दोघे जाणार आहोत. आपल्यापैकी ज्यांना यायचे असेल त्यांनी यावे. मागच्या बाकांवर जागा असते.